बठ्ठा उनात का?

मंगळवारी दुपारी माझा भाऊ वारला. तो विमानतळावर सामान चढवायचा. मी धुळ्याला ग्रंथालयात काम करते. त्याच्या खोलीवर मी कधी गेले नव्हते. तो बोलवायचा, मी पुढच्या सुट्टीत येते म्हणायचे.

खोली रिकामी करायला निघाले, तेव्हा आईने एवढंच विचारलं, "तो तठे एकलाच राहे का वं?" मला उत्तर माहीत नव्हतं.

ते शहर विमानतळाभोवतीच वाढलेलं. विमान इतकं खालून जाई की गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून त्याची सावली सरकायची. माणसं बोलता बोलता थांबत आणि आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढे बोलू लागत. दोन दिवसांत मीही तशी थांबू लागले. त्या थांबण्यात भाऊ जिना चढून येतोय असं वाटत राही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तीन शेजारी ताटं घेऊन आले: केरळची नर्स, बिहारचा टॅक्सीवाला आणि विमानांसाठी जेवण बनवणारा नेपाळी आचारी. तिघं दारातच उभे राहिले. मी बसा म्हटलं.

"भाई बोलता था तब बैठते थे, दीदी," टॅक्सीवाला म्हणाला. "रोज खाना रखके डाँटता था, बैठा, बैठा."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. भाऊ विचारत असणार, बठ्ठा उनात का?

"हमारे यहाँ बठ्ठा मतलब सब लोग," मी सांगितलं. "वो पूछता था, सब आ गए क्या."

वरून विमान गेलं. आवाज विरल्यावर टॅक्सीवाल्याने विचारलं,

"मतलब इतने साल हम ऐसे ही बैठ गए?"

"ऐसे ही कैसे," नर्स म्हणाली. "खाना मिला ना. सब आए बिना वो परोसता कहाँ था."

मग ते बसले. मीही त्यांच्यात बसले.

घरी येऊन आईला सांगितलं, तो एकटा जेवत नव्हता. ती म्हणाली, "काय रांधे तो?"

"शेवभाजी. नेपाळी आचाऱ्याला तिखट लागायची, तरी रस्सा पुन्हा मागायचा."

आई पहिल्यांदा रडली.

त्या खोलीत आता दुसरं कुणी राहतं. रविवारी दुपारी तिघांपैकी एकाचा आईला फोन येतो. ती अहिराणीत बोलते, ते हिंदीत.