थुंकीची नळी, पाचोडचा रस्ता आणि आईचं माहेर

आमच्या आईला माहेर नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायच्या सरकारी कामावर ती एकटी रडताना सापडली. जेमतेम चालू लागलेली; नावही सांगता येईना. तिथंच खडी फोडणाऱ्या गोदाबाईनं तिला उचललं, शांता नाव ठेवलं आणि पुढं सिडकोची बांधकामं निघाली तशी शहरात आणलं. गोदाआजी डोक्यावर पाट्या वाहायची. आईनं मात्र थापी हातात घेतली आणि गवंडी झाली. बाई गवंडी! मी हे आजही मिरवून सांगते.

पण आईच्या मनात एक काटा होता: आपल्याला टाकून दिलं होतं का?

म्हणून मी घरी डीएनए टेस्टचं किट मागवलं. नळीत थुंकायचं, कुरियरनं पाठवायचं. रिपोर्टात एक रंगीत गोल आला, त्यावर लिहिलेलं ‘दक्षिण आशियाई’.

“ह्ये तर मला आरशात बी दिसतं,” आई म्हणाली.

खरा उपयोग झाला तो खालच्या यादीचा. आईशी रक्त जुळणाऱ्यांत पुण्यात नोकरी करणारी पूजा होती. तिनं मैत्रिणींबरोबर गंमत म्हणून टेस्ट केलेली. फोनवर कळलं की तिच्या आजीचं माहेर पाचोडजवळच्या मेंढपाळांच्या वस्तीत आहे, आणि त्या घरची एक लेक दुष्काळात हरवली होती.

आम्ही निघालो. आमच्या शहरातून बीडकडं जाणारा रस्ता झकास आहे, पाचोड म्हणजे गाडीनं तासाभराचं काम, एसटीही मिळते. आडूळला थांबून चहा घ्या. यंदाही पाऊस दगा देऊन गेलेला. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या वाळक्या बागा, मधूनमधून पाण्याचे टँकर. पाचोडात बाजार भरलेला, तिथून वस्तीपर्यंत कच्चा रस्ता. गाडी जपून घाला.

पूजाची आजी, भागूबाई, मुद्दाम माहेरी येऊन बसली होती. तिनं आईचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

“मी तुही आत्या. मह्या भावाची लेक हायेस तू. पर कंच्या भावाची, ते मला बी नाय ठावं.”

मग तिनं सांगितलं. तिचे दोन भाऊ, दोघांना एकेक लेक, जवळपास एकाच वयाच्या. चारा संपला तेव्हा भाऊ-भावजया मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेले. दोन्ही पोरी खडीच्या कामावर आजीपाशी, म्हणजे भागूबाईच्या आईपाशी राहिल्या. तापाची साथ आली. आजी गेली, एक पोरगी गेली. तिथल्याच लोकांनी मूठमाती दिली. दुसरी सापडलीच नाही. भाऊ परतले तोवर कामावरची माणसं बदललेली. गेली कोणती, हरवली कोणती, कोण सांगणार?

“लई धुंडलं गं. दोघी भावजया मरूस्तोवर बाजारात पोरींची तोंडं बघत फिरायच्या.”

आईनं पदर तोंडाला लावला. टाकलेलं नव्हतं तिला. हे कुठल्याही रिपोर्टात आलं नसतं.

दोन्ही भाऊ आता नाहीत. त्यांचे मुलगे, भानुदास आणि विठ्ठल, समोरच बसले होते. मी शहाणपणा केला. म्हटलं, “दोघांनी टेस्ट केली तर सख्खा कोण, चुलत कोण, लगेच कळेल.”

भानुदासनं विठ्ठलकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

“नाय,” आई म्हणाली. “मी एकाची निघाले तर दुसऱ्याची भईण आज मरंल. ती दोन्ही घरांत जित्ती राहू द्या.”

विठ्ठल उठला आणि आईच्या पाया पडला. मग जेवणावरून भांडण लागलं. एका घरी मटण रटरटत होतं, दुसऱ्या घरी पुरणपोळ्या झालेल्या. आम्ही दोन्हीकडं जेवलो. जाणार असाल तर सकाळी उपाशी निघा!

परतताना आई गाडीत गोदाआजीबद्दल बोलत होती. वस्तीवरही तिनं आपलं नाव सांगितलं ते ‘गोदाबाईची शांता’ असंच.

अशी टेस्ट करणाऱ्यांना एवढंच सांगेन. नातं किती जवळचं, याचा अंदाज ती देते. पण ते तुटलं कसं, हे माणसांनाच विचारावं लागतं, आणि एखादं उत्तर न मागण्याचा हक्कही आपलाच असतो. मी रक्ताचा पुरावा शोधायला गेले होते. येताना मला आईचाच अभिमान वाटत होता.

भाऊबीजेला दोघंही आले. आईनं दोन पाट मांडले, शेजारी शेजारी. आधी कोणाला ओवाळायचं, यावर ती क्षणभर थांबली. मग दोघांना एकदमच ओवाळलं.