नाव हिरामणचं, चेहरा भिकाचा

सकाळपासून ज्याच्या फोटोला तुम्ही हात जोडताय, तो माणूस जिवंत आहे.

निदान काल संध्याकाळपर्यंत तरी होता.

गेला तो माझा भाऊ, हिरामण पहिलवान. आज पहाटे, झोपेत.
फोटोत आहे तो नवापूरचा भिका पहिलवान. त्याचा दोस्त.
आणि भिका फोन उचलत नाहीये.

म्हणून लिहायला बसले. ज्याने ज्याने तो फोटो पुढे ढकललाय त्याने आधी डिलीट करा, मग वाचा.

झालं असं. तालमीतल्या पोरांनी हिरामणला पाहिलं ते बोळक्या तोंडाने काठी टेकत चालताना. मेल्यावर त्यांना पाहिजे तरणाबांड, गदा घेतलेला. मोबाईलवर शोधलं आणि गोळीतलं चित्र सापडलं. असली जुनी चित्रं जमवणारी माणसं आहेत म्हणे. रिकामटेकडी.

गोळीतलं चित्र म्हणजे काय ते आताच्या पोरांना कळायचं नाही. आमच्या वेळी जत्रेत लिमलेटची गोळी मिळायची, तिच्या कागदात पहिलवानाचं एक चित्र. खाली नाव, गाव. पोरं गोळी एकदा चोखून विसरायची, चित्रासाठी मारामाऱ्या करायची.

मोठ्या पहिलवानाचं एक चित्र पाहिजे तर चार हिरामण द्यावे लागायचे.
मी त्याला तोंडावर सांगायची.
तो हसायचा. "आक्का, कोन्हा तरी खिसामा शे ना मी."

शेवटची मोठी कुस्ती त्याला कधी मिळाली नाही. ह्याचा नंबर भर दुपारी, हलगीवाला जेवायला उठला की. नारळावरची कुस्ती. जिंकलास तर नारळ घे आणि घरी जा.
तरी सारंगखेड्यापासून गुजरातपर्यंत एक जत्रा त्याने सोडली नाही.
घरातलं दूध त्याला, मला ताक. काय तर म्हणे पहिलवान आहे.

भिकाही तसलाच. नारळवाला. जत्रेत एकमेकांना मातीत लोळवायचे आणि रात्री आमच्या ओट्यावर एका ताटात जेवायचे.

छापणाऱ्याने दोघांची चित्रं उलटी छापली. हिरामणच्या नावावर भिका, भिकाच्या नावावर हिरामण.
मोठ्या पहिलवानाचं असं झालं असतं तर कंपनीवाला पाया पडत आला असता. ह्यांचं कोण विचारतो?

गुजरातमधल्या एका जत्रेत हिरामण जिंकला. पंच म्हणाले, नारळ हिरामणचा, तू हिरामण नाहीस, आणि खिशातून चित्र काढून दाखवलं. तेव्हा भिका लंगोटावरच पुढे झाला. "मी शे हिरामण." फेटा बांधून घेतला, नारळ घेतला.
दोघं हसत हसत घरी आले. मी म्हटलं, मार खाल्ला असता म्हणजे कळलं असतं.

पुढे हिरामणचा खांदा उतरला, कुस्ती सुटली. तो साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाला, भिका नवापूरला पोल्ट्रीवर. एक साखर राखत बसला, एक कोंबड्या.
फोन मात्र रोज. काय बोलायचे देव जाणे. निम्मा वेळ दोघं खोकायचेच.

आता माझी काळजी ऐका.

भिकाची मुलगी कमल सुरतला असते. तिलाही कुणीतरी शहाण्याने तो फोटो पाठवला. मला आत्या मानते. तिचा किंचाळतच फोन.
"फुई, मन्हा बाप गया का?"
"तुन्हा बाप नही व माय, मन्हा भाऊ गया. रडू नको."
तर ती आणखी रडायला लागली.

तेव्हापासून तीही लावतेय, मीही लावतेय. रिंग जाते. तो उचलत नाही.

भिकाच्या हार्टचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरने बजावलंय, धक्क्याची बातमी एकदम द्यायची नाही. मी ठरवलं होतं, माणूस पाठवायचा, शेजारी बसवायचा, पाणी पाजायचं, मग सांगायचं.

त्या चित्राने साऱ्या जिल्ह्याला फसवलं. एकटा भिका फसायचा नाही.
स्वतःचा चेहरा, खाली हिरामणचं नाव, वर हार. त्याला एका नजरेत कळणार कोण गेलं ते.
आणि तो तिथे एकटा. कोंबड्यांत.

तुम्ही म्हणाल, आक्का, मग खरा फोटो टाक ना.
कुठून टाकू? हिरामणचा तरणा चेहरा आहे त्याच्याखाली नाव भिकाचं. तो टाकला तर संध्याकाळपर्यंत भिकाला दुसऱ्यांदा माराल. म्हणून या पोस्टला फोटो नाही.

थांबा. फोन वाजतोय.

भिकाच होता.

"आक्का."
"कोठे व्हता रे तू? फोन का उचलत नही?"
"फोटो देखा मी."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"कवयपासून बसेल व्हतू. उठताच येत नव्हतं. आते बसमा शे."
"दवाई खादी का?"
"हां. आक्का, मी येस तवलोंग त्याले उचलू नका."
"ये. पन धीरे ये. एका दिनमा दोन नको माले."

बस विसरवाडीच्या पुढे आलीये. शेजारच्या सीटवर कोण आहे विचारलं, तर म्हणाला एक बाई आहे, तिच्या मांडीवर पोर झोपलंय. मी म्हटलं, तिला सांगून ठेव, तुला हार्ट आहे. तो नाही सांगणार. मी ओळखते.
दर थोड्या वेळाने फोन लावते. तो "हां" म्हणतो आणि ठेवतो. तेवढंच पाहिजे मला.

इकडे तिरडी बांधून तयार आहे. लोक म्हणताहेत, ऊन चढलं, प्रकाशा गावी तापीवर न्यायचंय, कुणासाठी किती थांबायचं?
मी दारात खुर्ची टाकून बसलेय. ज्याला हिरामणला न्यायचंय त्याने आधी मला उचलावं.

हिरामण, माझा निरोप घे.
पण निघायचं ते भिका आल्यावर.