मोघ्यांनी घेतलेली चाचणी

विश्रांतवाडीच्या यज्ञेश्वर मोघ्यांचा कशावरच विश्वास नाही. एकतीस वर्षं त्यांनी वीज मंडळात मीटर तपासले, आणि यंत्र असो की माणूस, पुराव्याशिवाय खरं मानायचं नाही एवढं एकच ते निवृत्तीनंतर घरी घेऊन आले. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला की घरी येऊन स्वतःच्या यंत्रावर पुन्हा मोजायचा, आणि दोन्ही आकडे जुळले तर दोन्ही यंत्रांवर संशय घ्यायचा, अशी त्यांची रीत.

अशा माणसाला मुलगी ओवी एके दिवशी म्हणाली, "बाबा, जुनी गाडी आता काढू या. नवी मी घेते. साधी हायब्रिड की प्लग-इन, ते मात्र तुम्ही ठरवा."

'तुम्ही ठरवा' ऐकून मोघे सावध झाले. ओवीने आजवर त्यांना पडद्याचा रंगसुद्धा ठरवू दिला नव्हता. शिवाय मे महिन्यात त्यांनी सोसायटीच्या फाटकाला गाडी घासली, तेव्हापासून ओवी आणि तिची आई कुसुमताई स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायच्या, आणि ते आत आले की विषय एकदम कोथिंबिरीवर यायचा. हिला माझ्या हातातलं स्टिअरिंग काढून घ्यायचंय, नवी गाडी हे नुसतं निमित्त, असं मोघ्यांच्या मनाने घेतलं. खुब्याच्या ऑपरेशननंतर कुसुमताईंना रिक्षात चढता येत नव्हतं. दर मंगळवारी बुधवार पेठेत गणपतीला, महिन्यातून एकदा बहिणीकडे, त्यांना नेणारे मोघेच. आम्हाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. आता त्याच वाक्यावर गदा येणार होती, आणि ते घाबरले होते.

शोरूममध्ये सलोनी नावाच्या बाईंनी दोन्ही गाड्या दाखवल्या.

"सर, ही साधी हायब्रिड. ही चालता चालता स्वतःच चार्ज होते. प्लग वगैरे काही नको."

"स्वतःच? फुकटची वीज मी खूप पाहिली. दर वेळी वर तारेवर आकडा टाकलेला असायचा."

"तसं नाही सर. ब्रेक लावला की थोडी वीज परत बॅटरीत जाते, आणि बाकीची इंजिन करतं."

"म्हणजे पेट्रोलच. मग तसं म्हणा ना. आणि ही दुसरी?"

"ही प्लग-इन. घरी चार्ज केली की पन्नासेक किलोमीटर नुसती विजेवर जाते."

"आणि चार्ज करायला विसरलं तर?"

"तर पेट्रोलवर चालते."

"म्हणजे एवढी थोरली बॅटरी पाठीवर घेऊन पेट्रोल जाळत हिंडायचं. छान."

मोघ्यांनी अट घातली. दोन्ही गाड्या ते स्वतः चालवणार, एकाच रस्त्याने, विश्रांतवाडी ते खडकवासला. निघताना आणि परतल्यावर एकाच पंपावर टाकी तोंडापर्यंत भरायची. सलोनीबाईंनी साहेबांना विचारून होकार दिला. एवढ्या लवकर होकार कसा आला, याचाही मोघ्यांना संशय आलाच.

पहिल्या दिवशी साधी हायब्रिड. शेजारी सलोनीबाई, मागे ओवी. संगमवाडीच्या सिग्नलला इंजिन गप्प झालं. गाडी बंद पडली असं समजून मोघ्यांनी बटण दाबलं आणि खरोखरच बंद केली. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्नचा गिल्ला झाला, आणि मोघ्यांचे कान तापले. आरशात पाहिलं तर ओवी वहीत काहीतरी लिहीत होती. किलोमीटर लिहायचं काम मोघ्यांचं होतं, मग ही काय लिहिते? या मायलेकींचं आतून काहीतरी ठरलंय, अशी त्यांची खात्रीच झाली.

दुसऱ्या दिवशी प्लग-इन. ही तर बहुतेक वेळ आवाजच करीना. खडकवासल्याला धरणाच्या कडेला उतारावर त्यांनी गाडी थांबवली. इंजिनचा आवाज नाही, म्हणजे गाडी बंद, असं पन्नास वर्षांच्या सवयीने धरून ते दार उघडून उतरले. गाडी चालूच होती. ती हळूच पुढे सरकली, कणसं भाजणाऱ्या बाईच्या शेगडीकडे. बाई ओरडून मागे झाली. सलोनीबाईंनी हँडब्रेकचं बटण ओढलं तेव्हा शेगडी हातभर लांब होती.

मोघे ओवीकडे वळले. "वही दे."

"बाबा, नको ना."

"दे म्हणतो."

वहीत गाडीबद्दल एक अक्षर नव्हतं. दोन दिवसांच्या तारखा, आणि खाली: ब्रेक उशिरा, तीनदा. इंडिकेटर दिला नाही, चारदा. डावीकडची स्कूटर दिसली नाही. सिग्नलला बटण. संशय खरा निघाला होता. मोघे गाडी तपासत होते आणि मुलगी त्यांना तपासत होती, त्यांच्याच पद्धतीने, एकाच रस्त्यावर, दोन वेळा.

ओवी रडवेली झाली. "तुम्हाला नुसतं सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?"

मोघ्यांनी ती पानं पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"एक राहिलंय. आज राजाराम पुलापाशी सिग्नल लाल होता. मी तसाच गेलो. तू तेव्हा मान खाली घालून लिहीत होतीस."

तेवढी ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली. खाली सही केली आणि तारीख घातली.

"सर," सलोनीबाई चाचरत म्हणाल्या, "मग गाडी कुठली?"

"साधी. प्लग लावायचं माझ्या लक्षात राहणार नाही."

ते गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले. सलोनीबाई मागे जाऊन बसल्या, ओवी स्टिअरिंगवर. मोघ्यांनी पट्टा लावला. त्या बाजूने रस्ता कसा दिसतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तिथे चव्वेचाळीस वर्षं कुसुमताई बसत आल्या होत्या.

"आईला मी सांगेन," ते म्हणाले. "तू काही बोलू नकोस."