मराठी लपवणारा पाहुणा

नव्वदचं दशक संपता संपता, भातकापणी आटोपल्यावर, आमच्या शेणव्याच्या घरात मागच्या खोलीत एक परदेशी जोडपं राहायला आलं. शहापूरच्या ओळखीच्या मास्तरांनी आणून सोडलं. बाई फिनलंडची, उंच, भुवयासुद्धा पांढुरक्या. नवरा कुर्दी, तुर्कस्तानच्या डोंगरातून निघून तिच्या देशात जाऊन राहिलेला. माझं माहेर मुरबाडचं. तिथल्या बाजारात हा माणूस उभा केला असता तर कोणी वळून पाहिलं नसतं, इतका तो आपल्यातला दिसायचा. बाई पुण्यात राहून मराठी शिकली होती. नवऱ्याला एक शब्दही येत नाही, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं.

बाई रोज डोंगरातल्या वाडीवर जायची, आवाज टिपणारं लहानसं यंत्र पुढे ठेवायची आणि म्हणायची, घरी बोलता तसं बोला. हाताला काय म्हणता? डोळ्याला काय म्हणता? यंत्र दिसलं की वाडीवरची माणसं एकदम शाळेतली मराठी बोलू लागायची. त्यांचा बाईवर विश्वास नव्हता.

सासूबाईंचा तर नव्हताच. "हाताला काय म्हन्तात ते इचाराला कोन इमानातून येतं गो?" त्या मला म्हणाल्या. "जमीन बघाला आलीत."

त्यात एक दिवस समोरच्या घरातले माझे चुलत सासरे तरातरा आले. बाईचा नवरा खळ्याजवळ उभा राहून आमच्या शेळ्या मोजत होता आणि त्यांनी ते कानांनी ऐकलं होतं. "वैनी, चार म्हनला त्यो. चार, मंग पेंज, शश, हफ्त, हश्त, नह, दह. त्याला मराठी येतं. जीभ वाकडी करून बोलतो, आपल्याला कळू नये म्हनून."

मलाही ते खटकलं. कारण आदल्याच दिवशी तो माझ्या भाच्याला हसून म्हणाला होता, "नावे ते ची ये?" आणि भाच्याने न गोंधळता आपलं नाव सांगितलं होतं.

मग त्याची परीक्षा घ्यायची ठरली. तो ओटीवर चहा पीत बसला होता. चुलत सासरे मागून गेले आणि ओरडले, "अरे, पाठीवर इच्चू हाय तुझ्या!" तो हलला नाही. मान वळवून त्याने हसून कप उचलून दाखवला, चहा चांगला झालाय अशा अर्थाने.

"पक्का हाय," चुलत सासरे मला म्हणाले. "बघ, जरा पन दचकला नाय."

शेवटी संध्याकाळी चार माणसं घेऊन ते आमच्या ओटीवर आले आणि बाईला सरळ विचारलं. बाई आधी गडबडली. मग तिने नवऱ्याला शेजारी बसवलं आणि त्याच्याकडून एक ते दहा म्हणून घेतले. यक, दू, से, चार. मग म्हणाली, "ही त्याची भाषा आहे. तुमची आणि त्याची फार जुन्या काळची नातलग आहे. नावाला तो नाव म्हणतो. 'तू'ला तू म्हणतो. माझी भाषा तुमची कोणी नाही, त्याचीही नाही. माझ्यात युक्सी, काक्सी, कोल्मे, नेल्या, वीसी."

"वीसी म्हंजे वीस," कोणीतरी म्हणालं.

"नाही. पाच."

पाचाला वीस म्हणणाऱ्या बाईकडे सगळे जरा वेगळ्याच नजरेने पाहू लागले. ते नुसतं योगायोगाने सारखं वाटतं, हे तिने परोपरीने सांगितलं. तिच्या भाषेत तो आणि ती यांना एकच शब्द, म्हणून "माझी नवरा आली" असं चुकतं, हेही सांगितलं. त्याच्या भाषेत मात्र बाई-पुरुष वेगळे, आमच्यासारखे. मला एक गोष्ट आवडली. तिच्याकडे नकार माणसाप्रमाणे बदलतो: मी असेन तर एन, तू असशील तर एत. "म्हणजे आमचं नाही, नाहीस, नाहीत," मी म्हणाले. बाईने माझा हात धरला. "हो! यात तुम्ही माझ्यासारख्या."

सासूबाई दारातून ऐकत होत्या. माणसं गेल्यावर म्हणाल्या, "नातं सांगत येतो तो वाटा मागतो. ध्यानात ठेव."

त्यानंतर वागणं वरवर गोड राहिलं, पण ती दोघं बोलत असली की आमचे कान तिकडे असायचे.

एक दिवस तो घरी फोन करायला शहापूरला गेला. दुपारी परत आला आणि अंगणातच उभा राहिला. मी आणि सासूबाई तांदूळ पाखडत होतो. आमच्याकडे न बघता तो म्हणाला, "दायिका मिन मिर."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "आई गेली गो याची."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दाय म्हनला. मिर म्हनला. अजून काय सांगाचं?" आणि त्या चुलीवर पाणी तापवायला उठल्या.

आवाज ऐकून बाई खोलीतून बाहेर आली आणि तिने फिनिशमध्ये काहीतरी विचारलं. तेव्हा कुठे त्याने तिला तिच्या भाषेत सांगितलं. तोवर बादली भरली होती. सुतकाची आंघोळ त्याला ठाऊक नव्हती, पण बाईने समजावल्यावर तो मुकाट्याने न्हाणीत गेला.

त्या दिवशी त्यांचा स्टोव्ह पेटू द्यायचा नव्हता. समोरून चुलत सासरे स्वतः पिठलं-भाकरी झाकून घेऊन आले, त्याच्याजवळ बसले आणि तो दोन घास खाईपर्यंत उठले नाहीत. जाताना दारात मला हळूच म्हणाले, "आईसाठी खोटं रडत नाय मानूस. पन मराठी येतं त्याला. तू काय पन म्हन."

थोड्याच दिवसांत ती दोघं निघाली. आसनगावला नेणारी रिक्षा दारात उभी असताना बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "घरी आम्ही माझीच भाषा बोलतो. त्याची मी कधी नीट शिकलेच नाही. तुमच्या सासूबाईंना माझ्याआधी कळलं."

रिक्षा वळणाआड गेल्यावर सासूबाई झाडू घेऊन मागच्या खोलीत गेल्या. मी डोकावून पाहिलं, तर त्या गादी उलटी करून खाली बघत होत्या, मग फळीवर हात फिरवला, मग कोनाड्यात. ना नकाशा, ना कागदाचा कपटा, काही नव्हतं.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"काय नाय," त्या म्हणाल्या आणि झाडायला लागल्या.