खुराड्यात लपलेली नोरीन

नोरीन गेल्याचं मला पेपरातून कळलं. चार वर्षं शेजारी राहिलेल्या बाईचं जाणं पेपरात वाचावं लागतं, हेही परदेशातलं एक सुखच म्हणायचं! फोटोखाली अर्धं पान मजकूर होता: आयर्लंडच्या किनाऱ्यावरचं खेडं, मच्छीमार बाप, दहा भावंडं, आणि त्या गरिबीतून वर आलेली जगप्रसिद्ध लेखिका. सगळं खरं... पण माझी नोरीन त्यात कुठेच नव्हती.

सिएटलजवळ बॉथेलला आमची घरं शेजारी होती. नवरा सकाळी गाडी घेऊन गेला की दिवसभर मी आणि पाऊस. नागपूरच्या माणसाला तेवढा पाऊस म्हणजे शिक्षाच. एकदा किल्ली आत राहिली आणि मी दाराबाहेर भिजत उभी. सत्तरीची नोरीन हाताला धरून मला आपल्या घरी घेऊन गेली. दुसऱ्याच दिवशी आम्ही एकमेकींच्या किल्ल्या ठेवून घेतल्या आणि माझा रोजचा चहा तिच्याकडे सुरू झाला. उकळून काळाकुट्ट केलेला, आलं नाही की वेलची नाही. मी नाक मुरडत दोन कप प्यायचे.

नागपूरहून निघताना आईनं हातावर दही घातलं होतं, हे मी एकदा तिला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्याकडे अमेरिकेला जाणाऱ्यासाठी आदल्या संध्याकाळीच रडून घ्यायचे. तो मेल्यासारखं. परत कोण येणार होतं?" तिला अक्षरं शिकवणारी थोरली बहीण निघाली, तेव्हा सगळं गाव घरात जमलं होतं. आई हंबरडा फोडत होती आणि बहीण नवा कोट घालून मधोमध बसून स्वतःसाठीचं ते रडणं ऐकत होती. सात वर्षांची नोरीन घाबरून कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन लपली. सकाळी बहिणीनं अंगणभर हाका मारल्या, तरी ही बाहेर आली नाही. "मला वाटलं, मी भेटलेच नाही तर ती जाणार कशी?" बहीण गेली... पुन्हा दिसली नाही.

पुढे नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही इकडे, व्हर्जिनियातल्या हर्नडनला यायला निघालो. त्या सकाळी मी नोरीनची बेल वाजवली. आत दिवा होता, चहाची किटली शिट्टी देत होती. ती शिट्टी थांबली... पण दार उघडलं नाही. "अगं चल यार, फ्लाइट मिस होईल. तिकडून फोन कर ना," नवरा गाडीतून ओरडला. मी फोन केला नाही. इतका चहा पाजला आणि शेवटी दार उघडवत नाही? नाताळात तिचं कार्ड आलं, त्यालाही उत्तर दिलं नाही. खुराड्याची ती गोष्ट ऐकून बसलेली मी, आणि तरी माझा रुसवा काही संपेना. आता रागवायलाही तिकडे कुणी नाही. फार एकटं वाटतं.

कार्डात तिनं तिच्या घराची किल्ली मात्र परत मागितली नव्हती. ती अजून माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली आहे. चहा टाकताना रोज समोर दिसते. त्या सकाळी मी बेल वाजवत उभी होते, तेव्हाही ती माझ्या पर्समध्येच होती.