गाडीच्या डिकीतलं सिलिंडर

आमच्या घरी दुसरं सिलिंडर आलं तेव्हा आईनं त्याला हळदकुंकू लावलं होतं. महिन्याभरात वडिलांनी ते उचलून गाडीच्या डिकीत नेऊन बसवलं.

वडील बोईसरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. आम्ही मूळचे घाटावरचे. नव्वदच्या सुमारास त्यांनी एक जुनी मोटार घेतली. पेट्रोल पिण्यात ती कुणालाही हार गेली नसती. मग कारखान्याजवळच्या एका मेकॅनिकनं त्यांना सांगितलं, "साहब, गॅस पे कर दो. मक्खन चलेगी." चोरटं काम होतं ते, पण त्या काळी सर्रास चालायचं. गाडी थेंबभर पेट्रोलवर सुरू करायची आणि बटण दाबून गॅसवर घ्यायची. वडिलांना चंद्रावर गेल्यासारखं वाटत होतं. एकदा पुरण शिजता शिजता घरातला गॅस संपला, तेव्हा आई हातात पाना घेऊन अंगणात गेली आणि गाडीचं पोट उघडून बसली. वडील कामावर चालत गेले.

माझ्या थोरल्या भावाचा साखरपुडा माहीमला ठरला, मुंबईच्या नव्हे, पालघरजवळच्या. मुलीकडच्यांची पानवेलीची वाडी होती. रुबाबात जायचं म्हणून गाडी काढली. पुढे वडील आणि नवरदेव, मागे आई, सांगलीहून आलेली आत्या आणि मी. पालघरच्या बाजाराबाहेर एका कोळणीनं हात केला. वडिलांना नवीन श्रोता हवाच होता. "बसा मावशी! गॅसवर चालते ही."

ती सुक्या बोंबलांची टोपली मांडीवर घेऊन आमच्यात घुसली. "गॅसवर? मंग घरात चूल पेटवतां का काय?"

"तेच मी विचारतेय," आई म्हणाली.

थोड्या वेळानं वास यायला लागला. आत्यानं नाकाला पदर लावला. "काय गं बाई हा घाण वास! ती टोपली तरी बाहेर धरा."

"माज्या बोंबलाला घाण बोलतां?" कोळीण उसळली. "आज सकाळीच नीट निवडून भरलेत. थांबवा गाडी! आमी चालत जाऊ, पण बोलून नाय घेणार."

वडिलांनी गाडी थांबवली. ती उतरली, टोपली डोक्यावर घेतली आणि आत्याकडे असं बघितलं, की मीच खाली मान घातली.

गाडी पुढे निघाली. वास मात्र तिथंच होता. उलट वाढला होता.

"टोपली तर गेली," आत्या बारीक आवाजात म्हणाली.

वडिलांनी त्याच वेळी ओठांत सिगरेट धरली होती आणि स्टिअरिंगवर कोपर टेकून काडेपेटी उघडली होती. आईनं मागून वाकून अशी थप्पड मारली, की काडेपेटी खिडकीबाहेर गेली. जन्मात कधी तिनं वडिलांवर हात उगारला नव्हता. वडिलांनी आधी ब्रेक दाबला आणि मग अपमान मानून घेतला.

आम्ही चहूबाजूंनी उड्या मारल्या. आत्या नऊवारीसकट गवतात बसली. भावानं डिकी उघडली, तर आत फुस्स आवाज चाललेला. त्यानं हात लांब करून सिलिंडर बंद केलं.

"बघा, एवढंच होतं," वडील म्हणाले. "बसा आता. पेट्रोलवर जाऊ."

पेट्रोलच्या टाकीत मात्र काही नव्हतं. गॅसच्या भरवशावर त्यांनी भरलंच नव्हतं.

एवढ्यात मागून कोळीण चालत आली. आम्हाला रस्त्याकडेला बघून ती पोट धरून हसली. मग पानांच्या रिकाम्या करंड्या घेऊन परतणारा ओळखीचा टेम्पो तिनंच थांबवला. "नवरा हाय यांच्यात, घ्या रे वरती!"

गाडी सोडून येणार नाही म्हणून वडील तिथंच थांबले. आम्ही टेम्पोत चढलो. कोळणीनं टोपली आत्याच्या मांडीवर ठेवली. आत्यानं ती माहीमपर्यंत मुकाट्यानं धरली.

मुलीकडचे दारात पानसुपारी घेऊन उभे. नवरदेव करंड्यांवरून उडी मारून उतरला. मुलीचे वडील गोंधळले. "गाडीनं येणार होतात ना?"

"गाडी गॅसवर आहे," आई म्हणाली आणि चपला काढून आत गेली.

वडील पोचले तेव्हा साखरपुडा उरकून पंगती बसल्या होत्या. कुणाच्या तरी स्कूटरमधलं पेट्रोल मागून त्यांनी गाडी आणली होती. माफी राहिली बाजूला. हात धुता धुता त्यांनी व्याह्यांना गॅसचे फायदे सांगायला सुरुवात केली. व्याह्यांचीही एक जुनी मोटार वाडीत पडून होती. दोघं पानावरून उठले ते थेट डिकीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी आईनं सिलिंडर घरात आणून साखळीनं खिडकीच्या गजाला बांधलं आणि किल्ली कमरेला खोचली. आता मेकॅनिकनं गाडीत बसवलेल्या नळ्या-बटणांच्या गॅसकिटचं काय करायचं, म्हणून वडिलांनी ते व्याह्यांना भेट देऊन टाकलं.

लग्नाच्या आठवडाभर आधी विहीणबाईंचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्या जरा थांबून आईला म्हणाल्या, "अहो, एक विचारू का? आमच्या स्वयंपाकघरातलं एक सिलिंडर कालपासून दिसत नाही."