सुखरूप असल्याचे कळविण्यात येते

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. नीलाला माझं सगळं ठाऊक आहे. माझं ब्लडप्रेशर किती, कोणत्या मावसभावाशी मी बोलत नाही आणि का बोलत नाही, सगळं. हे मात्र नाही. निवृत्तीच्या दिवशी भाषणात सांगून टाकावं असं एकदा मनात आलं होतं. मग शाल आली, नारळ आला, आणि मी ‘सर्वांच्या सहकार्यामुळे’ वगैरे बोलून खाली बसलो.

आता तुम्हाला सांगतोय. का सांगतोय? खरंच माहीत नाही.

मी परराष्ट्र खात्याच्या एका कार्यालयात होतो. परराष्ट्र म्हटलं की लोकांना राजदूत आणि मेजवान्या दिसतात. आमच्या रत्नागिरीकडच्या नातेवाइकांचा तर बरीच वर्षं समज होता की मी महिन्यातून दोनदा विमानात बसतो. प्रत्यक्षात माझं टेबल खासदारांच्या पत्रांचं. कुणाचा मुलगा आखातात अडकला, कुणाचा पासपोर्ट मालकाने दाबून ठेवला, कुणाच्या मुलीला नवऱ्याने तिकडेच टाकलं — माणसं खासदाराकडे जायची, खासदार आम्हाला लिहायचे, आणि त्या पत्राला ठरलेल्या मुदतीत उत्तर देणं हे माझं काम. नीट ऐका हं — उत्तर देणं. उत्तर गेलं की पत्र प्रलंबित यादीतून सुटायचं. तिकडचा माणूस सुटला की नाही, ते कुठल्याच यादीत यायचं नाही. कागदी घोडे नाचवणं म्हणतात ना, ते मला फार छान जमायचं. मला त्याचा अभिमानही होता, हे आधीच सांगून ठेवतो.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हाही इथेच, मीरा रोडला हाटकेशमध्ये राहत होतो. नीला भाजीसाठी भाईंदर पश्चिमेला जायची. तिथे जवळच्याच मोरवा गावच्या नर्मदाबाई घरच्या वाडीतला माठ, मुळा, वालाच्या शेंगा घेऊन बसायच्या. त्यांचा मुलगा दिनेश आखातात क्रेनवर होता. तीन आठवडे त्याचा फोन नव्हता. कंपनी म्हणे, तो पळून गेला. नीला एके दिवशी त्यांना भाजीच्या पिशवीसकट घरीच घेऊन आली आणि मला म्हणाली, “यांचं काम तेवढं बघा हो.”

मी म्हटलं, नुसत्या अर्जाने काही हलत नाही, खासदारांचं पत्र आणा. सल्ला बरोबर होता. बाई कुठे कुठे गेल्या, कुणाकुणाच्या दारात बसल्या कोण जाणे, पण आठ दिवसांत पत्र आणलं. ते फिरत फिरत माझ्याच टेबलावर आलं.

आणि नेमकं अधिवेशन तोंडावर आलं.

अधिवेशन म्हणजे आमच्याकडे घाम फुटायची वेळ. एखाद्या खासदाराचं पत्र पडून राहिलं तर तो सभागृहात प्रश्न टाकणार, मग वरून खाली सगळ्यांची हजेरी. शुक्रवारी दुपारी आमचे साहेब टेबलाशी येऊन म्हणाले, “सोमवारी सेशन सुरू होतंय. पेंडिंग झीरो पाहिजे मला. कळलं ना?” कळलं. माझ्यापुढे वीसेक पत्रं होती. रीत अशी, की आधी दूतावासाला विचारायचं आणि खासदाराला ‘चौकशी चालू आहे’ असं कळवायचं. पण ते अंतरिम उत्तर. त्याने पत्र यादीतून जात नाही. यादीतून जातं ते अंतिम उत्तराने.

दिनेश ज्या शहरात होता, त्याच शहरातल्या एका ड्रायव्हरची जुनी फाइल कपाटात होती. त्याला दूतावासाच्या माणसाने खरोखर भेटून अहवाल दिला होता. त्या फाइलीतला परिच्छेद मी उचलला आणि नाव बदललं. ‘संबंधित व्यक्ती सुखरूप असून दूतावास तिच्या संपर्कात असल्याचे कळविण्यात येते.’ साहेबांनी वीस पत्रांबरोबर तेही न वाचता सही करून टाकलं.

सोमवारी दूतावासाला विचारू, असं मी मनाशी म्हणालो. पळालेली माणसं दुसरीकडे काम धरतात, महिन्याभरात फोन करतात — मी अशी किती पाहिली होती! हा कोण मोठा वेगळा?

मग सोमवारी का नाही विचारलं?

हेच सांगायचंय. बाकी सगळं या एका गोष्टीभोवतीचं आहे. सोमवारी पत्र धाडलं असतं, तर त्यावर सोमवारचा जावक क्रमांक पडला असता. फाइलीत शुक्रवारचं पान — माणूस सुखरूप आहे. त्याच्यावर सोमवारचं पान — माणूस कुठे आहे? कुणीही फाइल उघडली असती तर शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. चोराच्या मनात चांदणं. कोण उघडणार होतं ती फाइल? कुणी नाही. तरी मी एक दिवस थांबलो, मग दोन, मग अधिवेशन संपू दे म्हटलं. मी घाबरलो होतो. कशाला? एका मेमोला. एक वेतनवाढ अडण्याला.

दहा-बारा दिवसांनी नर्मदाबाई घरी आल्या. खासदारांच्या ऑफिसातून त्यांना उत्तराची प्रत मिळाली होती. इंग्रजीत होती. “वाचून दाखवा ना सायेब,” म्हणाल्या. नीला शेजारीच शेंगा सोलत बसली होती. कागद माझ्या हातात होता — माझाच कागद. तेव्हा तरी मला बोलता आलं असतं ना? बाई, चूक झाली, उद्या दूतावासाला विचारतो, एवढं? मी चष्मा पुसला आणि वाचलं. मराठीत, सावकाश, एकेक शब्द करून. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मी दोनदा वाचलं.

दिनेश त्या वेळी जिवंत होता.

हे मला नंतर कळलं. तो पळाला नव्हता. कामावर उन्हात कोसळला होता. कुणीतरी त्याला सरकारी हॉस्पिटलच्या दारात टाकून गेलं. पासपोर्ट कंपनीकडे, खिशात काही नाही, त्यामुळे बेनाम रुग्ण म्हणून पडून होता. दूतावासाचा माणूस तीन महिन्यांतून एकदाच्या नेहमीच्या फेरीला गेला, तेव्हा तो शवागारात होता. त्याने पाठवलेल्या टिपणातलं एक वाक्य मला पाठ आहे. रुग्ण अधूनमधून शुद्धीवर येई व ‘भाईंदर, भाईंदर’ असे म्हणे, असं तिथल्या नर्सने सांगितलं होतं. ते कसलं नाव, हे तिथे कुणालाच समजलं नव्हतं. शेवटी दूतावासाच्या माणसाने नर्सकडून ते ऐकलं. कंपन्यांनी पळाले म्हणून नोंदवलेल्यांत भाईंदरचा एकच होता, त्यावरूनच त्याची ओळख लागली.

माझ्या शुक्रवारच्या पत्रानंतर तो चौतीस दिवस जगला. मी मोजलेत. हरवलेल्या माणसाबद्दल विचारणा गेली की दूतावास पहिला फोन हॉस्पिटलांना करतो, हे मला माहीत होतं. माझ्याइतकं ते कुणाला माहीत होतं? एक पानाचं पत्र, नाव, वय, गाव भाईंदर. तो वाचला असता की नाही, डॉक्टर जाणे. पण त्याच्या कानाला फोन लावला असता कुणीतरी. आईचा आवाज ऐकला असता त्याने.

पुढे मी काय केलं तेही सांगतो. फाइलीत टिपण लावलं — ‘कंपनीच्या तोंडी माहितीच्या आधारे कळविण्यात आले होते.’ कंपनीशी मी कधी बोललोच नव्हतो. कुणी विचारलं नाही. आणि मग मी मृतदेह आणायच्या मागे लागलो. रोज फोन, रोज पत्रं, जेवणाचा डबा न उघडता घरी परत. ज्याला महिने लागतात ते मी नऊ दिवसांत करून दाखवलं. खात्यात कौतुक झालं. मोरव्यात तर काय विचारता! दिनेशच्या तेराव्याला मी गेलो, तर म्हाताऱ्या माणसांनी उठून मला खुर्ची दिली. त्याची मुलगी प्रणाली तेव्हा आठ वर्षांची होती. तिला माझ्या पाया पडायला लावलं.

नर्मदाबाई माझा हात धरून म्हणाल्या, “तुमचा कागद व्हता म्हनून महिनाभर झोपले मी सायेब. न्हायतर कवाच येडी झाली असती.”

त्या झोपल्या, हे मी विसरू शकत नाही. तो तिकडे गावाचं नाव घेत होता, आणि त्या माझ्या वाक्यावर विश्वास ठेवून इकडे शांत झोपल्या होत्या. लोक म्हणतात, काळ हे औषध आहे. असेल. मला लागू पडलं नाही. स्टेशनबाहेर शेअर रिक्षावाले “भाईंदर, भाईंदर” ओरडतात ना, तिथून मी जात नाही. लांबच्या रस्त्याने जातो. नीला म्हणते, म्हातारपणात तुम्हाला चालायची बरी हौस आली!

दर वर्षी नर्मदाबाईंकडून वालाच्या शेंगा येतात, पावसाळ्याआधी सुकट येते. मी खातो. नाही म्हणायला कारण काय सांगणार?

गेल्या उन्हाळ्यात त्या पुन्हा आल्या, प्रणालीला घेऊन. ती नर्स झालीय. तिला आखातात नोकरी लागली होती. तोच देश, शहरही तेच. सगळं घर नको म्हणत होतं. तिची आई तर दोन दिवस जेवली नव्हती. नर्मदाबाई पाय दुमडून जमिनीवर बसल्या. खुर्चीवर बसा म्हटलं तरी बसेनात.

“मी सांगितलंय सगल्यांना,” त्या म्हणाल्या. “सायेब हाय म्हणतील तर पोर जाईल. न्हाय म्हणतील तर न्हाय. तुमी हायेत तं मला भेव न्हाय.”

मी निवृत्त माणूस. आता कुठल्याही कार्यालयात मला ओळखणारं कुणी उरलेलं नाही. प्रणाली माझ्याकडे बघत होती. तिला जायचं होतं, डोळ्यांत दिसत होतं. नीला आतून चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. मी त्या म्हातारीला सांगू शकलो असतो की तुमचा विश्वास कुणावर आहे ते. दोन वाक्यांत सांगून झालं असतं.

“पाठवा,” मी म्हणालो. “काही लागलं तर मी आहे.”

प्रणाली जूनमध्ये तिकडे गेली.